कूम गुणिले शून्य

जगात आजवर न फुटलेलं कुलूप एकच, आणि ते मी बनवलेलं आहे! राजांचे किल्ले पडले, तिजोऱ्या फुटल्या, सरकारी गुपितं वर्तमानपत्रांत छापून आली. पण लेस्कोवात्समधल्या आमच्या चार मजली इमारतीत, स्वयंपाकघराच्या टेबलावर, डाव्या हाताला कॉफी आणि उजव्या हाताला बायकोची, म्हणजे देसांकाची, कटकट असताना मी जे कुलूप घडवलं, ते आजतागायत कुणालाही उघडता आलेलं नाही.

मलाही नाही.

गोष्टीची सुरुवात मिरच्यांपासून होते, कारण आमच्या गावात सगळ्याच गोष्टींची सुरुवात तिथून होते. सप्टेंबर संपत आला की इमारतीच्या अंगणात चुली पेटतात, लाल मिरच्यांची पोती येतात आणि पुढचे काही दिवस माणसांच्या केसांना, पडद्यांना आणि पोस्टाने आलेल्या बिलांनासुद्धा भाजक्या मिरचीचा वास येतो. मिरच्या भाजायच्या, सोलायच्या, वाटायच्या, तेलात तासन् तास ढवळायच्या, की झालं आयवार. मग ते गरमागरम बरण्यांत भरायचं आणि हिवाळाभर पावाला फासून खायचं. हे झालं स्वयंपाकाचं. खरी भानगड पुढे आहे. प्रत्येक घरातल्या बाईची ठाम समजूत असते, की आयवार फक्त तिलाच येतं आणि बाकीच्या बायका मिरच्यांचा छळ करतात.

म्हणून आमच्या इमारतीत दरवर्षी स्पर्धा होते. पूर्वी गुणांची बेरीज कागदावर व्हायची आणि त्या बेरजेवरचं भांडण ख्रिसमसपर्यंत पुरायचं. मी कापड गिरणीच्या संगणक विभागातून निवृत्त झालो, तेव्हा माझ्या वयाच्या लोकांनी टोमॅटो लावले, कबुतरं पाळली. मी जावा या संगणकाच्या भाषेत स्पर्धेचा प्रोग्रॅम लिहिला! तो बरण्यांची लेबलं छापायचा, परीक्षकांचे गुण घ्यायचा, बेरीज करायचा आणि विजेतीचं नाव जाहीर करायचा. भांडणं बंद झाली. म्हणजे बेरजेवरची.

आता प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला लहानपणापासून एक शिकवण दिलेली असते: प्रत्येक भागाला असं नाव दे, की वाचताक्षणी त्याचं काम कळावं. मी आज्ञाधारक माणूस. प्रत्येक स्पर्धक बाईसाठी मी एक वेगळा भाग लिहिला, त्याला तिचं नाव दिलं आणि आत तिच्याबद्दलचं एक वाक्यही घातलं, चवीपुरतं. (वाचकांत कुणी प्रोग्रॅमर असतील तर त्यांनी कपाळाला हात लावू नये. असं लिहायचं नसतं, हे मला माहीत आहे. कापड गिरणीत आम्ही असंच लिहायचो. म्हणूनच ती बंद पडली असं मात्र नाही.) आणि मुख्य परीक्षकाचे गुण ज्या भागात मोजले जात, त्याला मी नाव दिलं होतं: ‘कूमलाचवकळतनाही’. सगळे शब्द एकमेकांना चिकटवून, कारण मध्ये मोकळी जागा यंत्राला चालत नाही.

मुख्य परीक्षक म्हणजे स्वेतोझार. माझा कूम, म्हणजे मानलेला भाऊ, आणि मी त्याचा! माझ्या लग्नात माझ्या मागे मेणबत्ती धरून उभा राहिला तो हा, माझ्या मुलीचं नाव ठेवलं ते यानेच. सख्ख्या भावाशी भांडलात तर लोक म्हणतात, चालायचंच. कूमला दुखावलंत, तर लोक तुमच्या अंत्ययात्रेलाही उशिरा येतात. तर हा माझा कूम, सोन्यासारखा माणूस, चाळीस वर्षं बिनफिल्टरच्या सिगारेटी ओढत आलेला. त्याची जीभ म्हणजे ट्रकचा जुना टायर. त्याला व्हिनेगर पाजलं तरी तो म्हणेल, “वा! यंदाची वाइन जरा तरुण आहे.” शिवाय मन इतकं मऊ, की तो सगळ्यांनाच दहापैकी दहा द्यायचा. त्याच्या गुणांना काही अर्थच नव्हता. म्हणून प्रोग्रॅममध्ये मी त्याचे गुण घेत होतो, आदराने घेत होतो, आणि मग त्यांना शून्याने गुणत होतो.

कुणाचं काही बिघडत नव्हतं. प्रोग्रॅम एकदा यंत्राच्या भाषेत बंदिस्त झाला, की आत काय आहे ते कुणाला दिसणार? वाटून तेलात परतलेल्या आयवारमधून अख्खी मिरची कुणी बाहेर काढलीये का कधी?

ओब्रादने काढली!

ओब्राद म्हणजे आमच्या इमारतीचा अध्यक्ष, भौतिकशास्त्राचा निवृत्त मास्तर. स्पर्धेच्या आठवड्यात एका सकाळी तो अंगणातल्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसला. चेहरा असा, की जणू वर्गातल्या शेवटच्या बाकावरची चिठ्ठी त्याच्या हाती लागलीये.

“काय शेजारी, बरंय ना?”

“बरंय.”

“एक फुकट अवजार मिळालंय मला. ओपन सोर्स. जगातले चार भले लोक बसून बनवतात आणि वाटून टाकतात. डीकम्पायलर म्हणतात त्याला. जावाचा बंद प्रोग्रॅम त्यात टाकायचा, की आतलं सगळं पुन्हा वाचता येतं. वाक्य न् वाक्य. नावं न् नावं.”

माझ्या हातातली कॉफी थंड झाली. खरोखर, त्या क्षणी.

“मग? कुठला प्रोग्रॅम टाकलास?”

“माझ्याकडे एकच होता.” त्याने आकाशाकडे पाहिलं. “आपल्या परीक्षकाचा विभाग फार वाचनीय आहे, शेजारी. शीर्षकच काय सुंदर!”

“ओब्राद, अरे, तो माझा कूम आहे!”

“म्हणून तर गप्प आहे. तुझ्या प्रोग्रॅमची प्रतसुद्धा मी माझ्याकडे ठेवलेली नाही. पण रविवारी स्पर्धेत सगळ्यांना हे अवजार दाखवणार आहे. विज्ञानाचा प्रसार! तुझा प्रोग्रॅम तुझ्या संगणकासकट सामायिक खोलीत येईलच. तोच उघडून दाखवीन.”

“माझाच कशाला?”

“इमारतीत दुसरा आहे का कुणाचा?”

मी घरी आलो तो थेट संगणकावर. ज्या भल्या लोकांनी उघडणारं अवजार बनवलं होतं, तसल्याच दुसऱ्या भल्या लोकांनी झाकणारं अवजारही बनवलं होतं, तेही फुकट. ते प्रोग्रॅमच्या पोटात शिरतं आणि आतली सगळी नावं पुसून तिथे ए, बी, सी, डी अशी अक्षरं ठेवतं. यंत्राला काही फरक पडत नाही. त्याला पेर्सिदा काय आणि बी काय, सारखंच. पण माणूस वाचायला गेला तर वेडा होतो! मी त्याचं नाव ठेवलं गोंधळयंत्र.

गोंधळयंत्र चाललं. मग मी ओब्रादचंच अवजार उतरवून घेतलं आणि माझाच प्रोग्रॅम त्यात टाकून पाहिला. पडद्यावर आलं: एने बीला विचारलं, बीने सीकडून डी आणला, डीने एच्या एला हाक मारली. पहिल्या चार ओळी वाचल्या आणि मला माझंच काही कळेना. आनंदाने डोळे भरून आले! ‘कूमलाचवकळतनाही’चं झालं होतं ‘के’. फक्त के! के म्हणजे काहीही असू शकतं. के म्हणजे कूमला कडेवर घ्या!

पण काम अर्धवट ठेवणारा मी नव्हे. संगणक सामायिक खोलीत जाणार, आणि त्या खोलीची किल्ली ओब्रादकडे. म्हणून मूळ प्रोग्रॅम आणि कुठल्या अक्षरामागे कुठलं नाव आहे ते सांगणारी फाइल, दोन्ही मी माझ्या लोखंडी वेष्टनाच्या पेनड्राइव्हवर उतरवली आणि संगणकावरून पार पुसून टाकली. पेनड्राइव्हला ओल लागू नये म्हणून स्वयंपाकघरातल्या चांदीच्या कागदात गुंडाळलं. मग प्रश्न आला, लपवायचं कुठे?

कपाटात? देसांका इस्त्री करते. पुस्तकांत? धूळ झटकते. मग एकच जागा उरली. कोठीतल्या सर्वांत मागच्या ओळीतली एक रिकामी बरणी. धुतलेली, पुसलेली, कित्येक वर्षं न हललेली. ओब्रादच्या बापालाही सापडणार नाही!

“कोठीत काय करतोयस रे?” देसांकाने विचारलं.

“बरण्या बघत होतो.”

“सोलायला मिरच्या पडल्यात ढीगभर. बरण्या काय बघतोस, म्युझियम आहे का?”

मी सोलायला बसलो. बोटं भाजत होती, पण मन शांत होतं.

रविवारी सकाळी सामायिक खोलीत मी आणि ओब्राद, दोघंच. नऊ बरण्या आदल्या दिवशीच आल्या होत्या. झाकण बघून पक्षपात होऊ नये म्हणून बरण्या पांढऱ्या कागदात गुंडाळायच्या, असा ओब्रादचा फार जुना नियम आहे. त्यावर मग बाईचं नाव ठळक अक्षरांत चिकटवायचं, हा त्याहून जुना. पहिलं झाकण काढून ओब्राद म्हणाला, “पेर्सिदा.” मी बटण दाबलं. छपाईयंत्रातून लेबल आलं.

बी.

“हे काय?” ओब्राद म्हणाला. “नाव कुठाय?”

मला तत्क्षणी उमजलं. लेबलावर मी भागाचं नावच छापायचो आणि भागाचं नाव आता बी होतं. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट शिकलो होतो: चूक झाली की ती मुद्दाम केल्यासारखी सांगायची.

“गुप्त परीक्षण!” मी म्हणालो. “यंदापासून. सगळं यंत्राच्या पोटात आहे. शेवटी यंत्रच नावं सांगेल.”

मास्तर खूश झाला. “शाबास! मग आपणही बघायचं नाही. तुझीही बायको आहे स्पर्धेत, माझीही.”

“मी नाही बघत.”

“मीही नाही बघत.”

आणि खरंच, उरलेली आठ लेबलं लागताना तो मी बघतोय का ते बघत होता आणि मी तो बघतोय का ते. लेबलांकडे बघायला कुणी मोकळंच नव्हतं. वर ओब्रादने बरण्या टेबलावर इकडच्या तिकडे केल्या, पत्ते पिसावेत तशा. बी म्हणजे पेर्सिदा हे दोघांनी आधीच पाहिलं होतं, पण त्याची वाच्यता करणं म्हणजे बघितलं हे कबूल करणं!

दुपारी अंगण भरलं. पेर्सिदा सर्वांत पुढे, खुर्चीवर. गेली कित्येक वर्षं तीच जिंकत आली होती. तिसऱ्या मजल्यावर राहते, पण तिचा आवाज सगळ्या मजल्यांवर राहतो. देसांका दरवर्षी दुसरी. दुसरं येणं किती जड असतं ते फक्त दुसरी येणाऱ्या बाईच्या नवऱ्याला माहीत.

बरण्यांवर नावं नाहीत हे बघून परीक्षकांचे चेहरे उतरले. कूमसोबतचे दोघे परीक्षक, शेजारच्या इमारतीतले रेल्वेवाले, पाव चावत एकमेकांकडे बघू लागले. नाव वाचल्याशिवाय चव कशी सांगणार? पण माझा कूम डगमगला नाही. त्याने सिगारेट विझवली, मिशा पुसल्या, प्रत्येक बरणीतून चमचा घेतला आणि प्रत्येकीला दहा दिले. एफवर मात्र तो थांबला. डोळे मिटले.

“यात लोखंड आहे,” तो म्हणाला.

“काय?”

“लोखंड. माझ्या आजोबांच्या चुलीची आठवण झाली. दहा!”

लोकांनी सवयीने माना हलवल्या. मागच्या वर्षी त्याला एका बरणीत समुद्र लागला होता.

गुण भरले. मी बटण दाबलं. ओब्रादने दोरीवर वाळत घातलेल्या चादरीवर प्रोजेक्टरने पडदा केला होता. त्यावर भल्यामोठ्या अक्षरांत आलं:

विजेती: एफ. अभिनंदन, एफ!

खाली नऊही बरण्यांची क्रमवारी, तीही नुसत्या अक्षरांत. टाळ्या झाल्या नाहीत.

“एफ कोण?” पेर्सिदाने विचारलं.

मी पुन्हा बटण दाबलं. अभिनंदन, एफ! यंत्र अगदी मनापासून अभिनंदन करत होतं. त्याच्या लेखी एफ ही एक गृहिणी होती.

“एफ मीच!” पेर्सिदा उठली. “चव घेतली की कळतं.”

“तुम्ही कशाला? ती माझी आहे, माझी वांगी आहेत त्यात!” देसांका.

“वांगी? माझ्या आयवारमध्ये वांगी नसतात, म्हणूनच ते जिंकलं!” ओब्रादची बायको.

बघता बघता नऊच्या नऊ जणी एफ झाल्या. शेवटचा नंबर जी नावाच्या बरणीचा होता. तिच्याकडे कुणी फिरकतही नव्हतं. अनाथ बिचारी!

“एक मिनिट!” मी ओरडलो. “सगळं लिहून ठेवलंय मी! आलोच!”

जिने चढून घर, घरातून कोठी. मागच्या ओळीतल्या रिकाम्या बरण्या...

रिकामी बरणी एकही नव्हती. फळीभर लालभडक आयवार, ओळीने, मागपासून पुढपर्यंत. मी पहिली बरणी उघडली. पक्! आत चमचा घालून ढवळलं. काही नाही. दुसरी. पक्! तिसरी...

सांगायला हवं, की हिवाळ्यासाठी बंद केलेली बरणी उघडल्याचा आवाज देसांकाला दुसऱ्या गावातूनही येतो. चौथ्या पक्ला ती दारात उभी होती.

“तिहोमिर! वेड लागलं का तुला? हिवाळ्याच्या बरण्या!”

“मागच्या ओळीतली बरणी कुठाय? रिकामी?”

“मिरच्या जास्त झाल्या. सगळ्या घेतल्या. ओव्हनमध्ये तापवल्या आणि भरल्या.”

“ओव्हनमध्ये? बरणीत बघितलं नाहीस?”

“धुऊन ठेवलेल्या बरणीत काय बघायचं? आणि कूमची बायको आली होती, आम्ही बोलत होतो. तुझ्या बरणीत काय होतं एवढं?”

“आपलं सगळं आयुष्य!”

“मग ते आता निर्जंतुक झालंय. चल खाली. आणि या चार बरण्या तूच संपवायच्या आहेस.”

खाली आलो तर ओब्राद चादरीसमोर उभा, हातात पट्टी, चेहऱ्यावर जुन्या शाळेचं तेज.

“घाबरू नका! नावं गेली असतील, पण विज्ञान आहे! मी प्रोग्रॅम उघडलाय.”

“काही मिळणार नाही,” मी म्हणालो. अजून माझी माझ्या कुलपावर श्रद्धा होती. “ए, बी, सी. बस.”

“नावं नाहीत. पण शेजारी, वाक्यं आहेत की!”

मी चादरीकडे पाहिलं. गोंधळयंत्र फक्त नावं बदलतं. अवतरणचिन्हांतल्या वाक्यांना ते हात लावत नाही. हे त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं आहे. माहितीपत्रक मी हिवाळ्यात निवांत वाचणार होतो.

ओब्रादने खाकरून वाचलं: “बी. ‘ही हरली तर कुणीतरी तिसऱ्या मजल्यावर जाऊन सांत्वन करावं. मी जाणार नाही.’”

सगळं अंगण एका सुरात म्हणालं, “पेर्सिदा!”

“चौथी?” पेर्सिदा म्हणाली. “मी चौथी?” वाक्याचा राग तिला आलाच नाही, तिला क्रमवारीतला बीचा नंबर आठवला होता.

“जी. ‘मीठ विसरते. दरवर्षी.’”

सगळे ओब्रादच्या बायकोकडे वळले. ओब्रादची पट्टी हवेत थांबली. विज्ञानाचा प्रसार क्षणभर थबकला.

“पुढे वाच,” बायको थंडपणे म्हणाली. “वाच ना. तुलाच हौस होती.”

“एफ,” ओब्राद घाईने म्हणाला. “विजेती! ‘हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.’”

“ही माझी बायको!” पहिल्या मजल्यावरचा एकजण ओरडला.

“वा! ही माझी!”

“शंकाच नाही, माझीच!”

नवऱ्यांची रांग लागली. इतकं एकमत आमच्या इमारतीत कधी झालं नव्हतं. मी बोट वर करून म्हणालो, माझ्या बायकोबद्दल आहे ते, मीच लिहिलंय! पण पेर्सिदाने मला गप्प केलं. “तू तुझ्या बायकोच्या बाजूने बोलणारच. पुरावा काय?”

आणि तेवढ्यात त्या मास्तराची पट्टी पुढे सरकली. रागाने नव्हे. सवयीने. धडा पूर्ण करायची खोड, दुसरं काय!

“के. ‘मुख्य परीक्षकाचे गुण. शोभेसाठी.’ आणि त्याखाली...” तो थांबला. त्यालाही आता नको होतं. पण चादर मोठी होती आणि अक्षरं त्याहून मोठी. गोंधळयंत्र वाक्यांना हात लावत नाही, तसं गणितालाही लावत नाही.

“गुणिले शून्य,” कूमनेच वाचलं. हळू आवाजात.

देसांकाने माझ्याकडे असं पाहिलं, की ओव्हनमधल्या बरणीचा हेवा वाटावा.

“सगळी वर्षं, कूम?” स्वेतोझारने विचारलं.

“कूम, तसं नाही... तू सगळ्यांनाच दहा द्यायचास, म्हणून बेरजेत...”

“मी आदल्या दिवशी सिगारेट ओढत नव्हतो, माहितीये का तुला? जीभ स्वच्छ राहावी म्हणून. बायको हसायची मला.”

मला वाटलं, मेणबत्ती धरलेला तो हात आता माझ्या कानाखाली बसेल तर बरं. पण तो खुर्चीवर बसला, एफची बरणी जवळ ओढली, पावाचा तुकडा घेतला आणि दुःखी माणूस करतो ते करू लागला. खाऊ लागला. एक चमचा, दुसरा चमचा. बरणी तशीही तळाला आली होती.

ठक्!

चमचा थांबला. कूमने बरणीत वाकून पाहिलं, दोन बोटं घातली आणि काहीतरी बाहेर काढलं. लाल, तेलकट, चांदीच्या कागदातलं. कागद सोलला.

“माझा पेनड्राइव्ह!” मी किंचाळलो.

“माझी बरणी!” देसांका किंचाळली. “बघा! त्याचा पेनड्राइव्ह, म्हणजे माझी बरणी! मी जिंकले!”

“थांबा!” पेर्सिदाचा आवाज चारही मजल्यांवरून आला. “मिरची, वांगं, तेल, मीठ, लसूण, व्हिनेगर. बाकी काही घातलं तर बाद! नियम आहे!”

“मी घातलं नाही, यानं घातलं!”

“बरणी कुणाची?”

पण माझं लक्ष कूमकडे होतं. तो उभा राहिला होता. पेनड्राइव्ह उन्हात धरून बघत होता, हिरा धरावा तसा.

“काय आहे हे?” त्याने विचारलं.

“पेनड्राइव्ह,” ओब्राद म्हणाला.

“ते नाही. कशाचं आहे?”

“लोखंडाचं.”

“मी काय म्हणालो होतो?”

रेल्वेवाल्यांनी हातातला पाव खाली ठेवला.

“मी काय म्हणालो होतो?” तो गरजला. “यात लोखंड आहे! म्हणालो होतो की नाही? तुम्ही दोघांनी खाल्लं, रेल्वेत आयुष्य काढलंत, तुम्हाला लागलं का लोखंड?”

रेल्वेवाल्यांनी माना खाली घातल्या.

“कुणाला लागलं? मला! चव कुणाला कळते?”

“तुला, कूम!” मी ओरडलो. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने.

“मुख्य परीक्षकाचा निकाल!” कूमने छाती फुगवली. “लोखंड मी ओळखलं आणि ओळखून दहा दिले. एफ जिंकली. देसांका जिंकली! ज्याला शंका असेल त्याने आपली जीभ घेऊन पुढे यावं!”

कुणी आलं नाही. पेर्सिदासुद्धा. नियमापुढे ती कुणाचं ऐकत नाही, पण ज्याला आयवारमध्ये पेनड्राइव्ह लागतो त्याच्याशी काय बोलणार!

“तिहोमिर, इकडे ये,” कूम म्हणाला.

मी गेलो. त्याने माझे खांदे धरले आणि गालांचे तीन मुके घेतले. एक, दोन, तीन, पुरते, जोरकस, तंबाखू आणि मिरचीच्या वासाचे. आमच्याकडे दोनवर थांबलं तर समजावं अजून काहीतरी बाकी आहे. तिसरा मिळाला आणि माझ्या जिवात जीव आला.

“पण ते शून्य काढ,” तो कानात म्हणाला.

तेच तर काढता येत नाही! ओब्रादने पेनड्राइव्ह पुसून, वाळवून संगणकाला लावून पाहिला, संगणक ढिम्म. मूळ प्रोग्रॅम गेला, नावं गेली. उरलेल्या बंद प्रोग्रॅममध्ये कुठला ए कुणाला हाक मारतो ते शोधायला मी आणि ओब्राद रोज सकाळी बाकावर बसतो. तो आपलं अवजार चालवतो, मी माझं डोकं. आणि दोघं मिळून त्या चार उघड्या बरण्या संपवतो. माझं कुलूप अजून शाबूत आहे. पुढच्या वर्षी बेरीज कागदावर होईल आणि कूम स्वतः करील, असं ठरलंय. म्हणजे सगळे पहिले येतील.

देसांकाने तो पेनड्राइव्ह स्वयंपाकघरात, घराण्याच्या संताच्या तसबिरीशेजारी, खिळ्याला टांगलाय. पाहुणा आला की आधी तो दाखवते, मग कॉफी विचारते. घरात इतकी शांतता आहे, की मला कधीकधी भीती वाटते.

आणि हो, स्पर्धेच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी बेल वाजली होती. दारात पेर्सिदा, हातात ताटलीभर अक्रोडाच्या वड्या. मी मनाची तयारी केली. वाक्याचा जाब विचारायला आली असणार, आणि तिचा हक्कच होता.

“देसांका घरात आहे?” तिने कुजबुजत विचारलं. पेर्सिदा, आणि कुजबुजत!

“बाजारात गेलीये.”

“बरं झालं.” तिने जिन्यात मागे वळून पाहिलं आणि ताटली माझ्या हातात कोंबली. “तिहोमिर, तुझ्याकडे तसला आणखी एखादा आहे का रे, जुना, वापरात नसलेला? अगदी लहान चालेल. माझी बरणी अर्ध्याच लिटरची असते.”